जावळ, रेशीम आणि अंगोरा एकत्र पिंजताना गाठी पडतात. प्रमाण चुकतंय की पद्धत?

टकळीवाली, अंबाजोगाई

नमस्कार मंडळी. शालीसाठी दुपदरी सूत कातायचंय आणि तीन प्रकारचे तंतू हातानेच मिसळायचेत. साहित्य असं:

दख्खनी कोकरांची पहिली कातर म्हणजे जावळ, काळपट करडी, धुऊन वाळवलेली, १ किलो २०० ग्रॅम. तुतीच्या रेशमाचे फुटके कोष, उकळून डिंक काढलेले, बोटांनी फुलवलेले, २५० ग्रॅम. हिमाचलहून मागवलेली अंगोरा सशाची पांढरी लोकर १५० ग्रॅम. हत्यारं म्हणजे चौरस इंचाला ७२ दातांची हँड कार्डरची (लोकर पिंजायच्या दातेरी फळ्यांची) जोडी, ३० ग्रॅमची टकळी आणि एक पेटी चरखा.

प्रमाण मुठीनं धरलं: जावळ ४, रेशीम १, अंगोरा १. तिन्ही एकदमच कार्डरवर घालून सहा-सात वेळा पिंजलं, मग पेळू म्हणजे कातायच्या गुंडाळ्या केल्या.

अडचणी अशा. पेळूत साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गाठी राहतात. कातताना रेशीम एकदम लांबच लांब सुटून येतं आणि मागे नुसती जावळ उरते. अंगोरा दुपारी हवेत उडतो, उरलेला विणल्यावर अंगावर गळतो. धुतल्यावर सुतावर रेशमाचे बारीक वेटोळे वर आले. आणि एवढं करून नमुना मानेला टोचतोच.

काय बदलू?

---

पेळू, लातूर

ताई, आधी मुठी बंद करा आणि सोनाराकडे असतो तसा ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. अंगोऱ्याच्या तंतूत हवेच्या पोकळ्या असतात, तो फुगून मूठभर दिसतो आणि वजनाला काहीच भरत नाही. रेशीम उलट, चापून बसतं. त्यामुळे तुमच्या ४:१:१ चं खरं प्रमाण दर मुठीला वेगळं पडलं असणार. शंभराच्या हिशोबात वजन करा. ७०:२०:१० धरलं तर ५० ग्रॅमच्या एका लॉटला जावळ ३५, रेशीम १०, अंगोरा ५. सगळे लॉट एकाच दिवशी तोलून पिशव्यांत बांधून ठेवा. लोकर हवेतला ओलावा पिते. प्रमाणित हवेत लोकरीत १६ टक्के आणि रेशमात ११ टक्के ओलावा धरतात, आणि दमट हवेत लोकर हाताला ओली न लागता याहून पुष्कळ जास्त पाणी धरते. निम्मे लॉट पावसाळ्यात आणि निम्मे मे महिन्यात तोलले तर दोन्हींचं प्रमाण जुळणार नाही.

दुसरी गोष्ट लांबी. प्रत्येक तंतूची एक बट घ्या, दोन्ही टोकं चिमटीत धरून पट्टीवर ठेवा. जावळ बहुतेक ४ ते ६ सेंटिमीटर भरेल, अंगोरा ५ ते ६. आणि तुमचं फुलवलेलं रेशीम? ते हातभर निघेल, कारण कोषातला धागा मुळात शेकडो मीटरचा, फुटक्या कोषात तो जागोजाग तुटलेला असतो एवढंच. ओढ देताना लांब तंतू दोन्ही हातांच्या चिमटीत एकाच वेळी सापडतो, घसरत पुढे येतो आणि आखूड तंतू मागेच ठेवतो. तुमची दुसरी तक्रार हीच. रेशीम कात्रीने ५ सेंटिमीटरवर कापा. कापताना बट ताठ धरा, वाकडीतिकडी कापली की पुन्हा लांबी विस्कटते. ढोबळ नियम असा की मिश्रणातला सर्वांत लांब तंतू सर्वांत आखूड तंतूच्या दुपटीपेक्षा मोठा नसावा.

आता गाठी. तुमच्याकडे त्यांची तीन कारणं एकत्र आलेली दिसतात.

एक, ७२ दातांचा कार्डर जाड लोकरीचा आहे. रेशमाचा तंतू १० ते १३ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड, अंगोरा साधारण तेवढाच. इतके बारीक तंतू विरळ दातांमधून निसटतात, निसटले की गुंडाळले जातात, आणि गुंडाळलेला तंतू म्हणजेच गाठ. ११२ च्या आसपास दातांची जोडी मिळाली तर घ्या. कापसासाठीचे १९० वगैरे दातांचे नकोत, त्यात दख्खनी लोकर तुटते.

दोन, दुबार कातर. कातरणाऱ्याने एकाच जागी दोनदा कात्री चालवली की अर्ध्या सेंटिमीटरचे तुकडे लोकरीत राहतात. पिंजताना ते कुठेच बसत नाहीत, त्यांच्या गोळ्या होतात. जावळ पिंजण्याआधी जाळीवर किंवा चाळणीवर झटका, बोटांनी मोकळी करा, आखूड चुरा खाली पडू द्या. कुसळं आणि गोखरूही याच वेळी वेचा. कार्डरमध्ये गेलेलं कुसळ तुटून चार होतात.

तीन, सहा-सात फेऱ्या. रेशमाला एवढी मारामारी सोसत नाही. दोन फेऱ्यांच्या पुढे ते तुटायला लागतं आणि तुटलेल्या टोकांच्या नव्या गाठी होतात.

म्हणून क्रम बदला. जावळ एकटीच दोनदा पिंजून ढगासारखी मोकळी करून घ्या. अंगोरा कार्डरवर नकोच, बोटांनी उलगडा. मग डाव्या कार्डरवर जावळीचा पातळ थर लावा, दात खालून दिसले पाहिजेत इतका पातळ. त्यावर अंगोऱ्याची धुक्यासारखी चादर, वर पुन्हा जावळ. अंगोरा दोन थरांच्या मधे दाबलेला असला की उडत नाही. एक फेरी झाली की रेशीम पसरा, आणखी दोन फेऱ्या, बस. हँड कार्डरवर एका वेळी ५ ग्रॅमच्या वर घालू नका. ५ ग्रॅमला जावळ ३.५, रेशीम १, अंगोरा ०.५ ग्रॅम.

आणि कार्डर एकमेकांत रुतवू नका. दातांची टोकं एकमेकांना जेमतेम चाटून गेली पाहिजेत. करकर आवाज आला की समजा तंतू तुटतोय आणि दातही वाकतायत. अंगोरा गळतो त्याचं कारण वेगळं आहे, तो गुळगुळीत आणि सरळ असतो, त्याला धरून ठेवायला पीळ लागतो. पदराला इंचाला ८ ते १० पीळ आणि दुपदरी करताना उलट्या दिशेने ५ ते ६, इतपत ठेवून बघा.

---

कोष आणि कात्री, जालना

पेळूदादांनी लांबीचं बरोबर सांगितलं. रेशमाबद्दल थोडं अधिक लिहिते, कारण आपल्याकडे जालना-बीड पट्ट्यात तुती वाढल्यापासून फुटके आणि डागी कोष सहज मिळतात आणि लोक ते घरी उकळून खराब करतात.

आधी हिशोब. ताजा, आत कोशित (कोषातली अळी) असलेला कोष घेतला तर वजनाच्या साधारण पाचवा भागच कवच असतं. १ किलो ताज्या कोषातून २०० ग्रॅम कवच, त्यातला सेरिसिन म्हणजे डिंक जवळपास २५ टक्के. तो गेला की हातात १५० ग्रॅम रेशीम. फुटके कोष असतील तर कोशित गेलेलं असतं, पण आत वाळकी साल आणि पतंगाने सोडलेला पिवळट-तपकिरी डाग असतो. भोकाच्या बाजूने कोष उलटा करून ती साल झटकून टाका. राहिली तर उकळताना तिचे काळे कण रेशमात घट्ट अडकतात आणि कार्डरवर नुसता भुगा होतो.

१०० ग्रॅम कोषांना ४ लिटर पाणी, २० ग्रॅम साध्या साबणाचा किस, ५ ग्रॅम धुण्याचा सोडा. कोष कापडी पिशवीत सैल बांधा, नाहीतर धागे एकमेकांत गुंततात. उकळी फुटू न देता ९० ते ९५ अंशांवर ४५ मिनिटं. मग पाणी फेकून निम्म्या साबणाच्या आणि बिनसोड्याच्या पाण्यात अर्धा तास. ओला कोष चिमटीत घेऊन ताणा. बोटांना चिकट-बुळबुळीत लागलं तर डिंक उरलाय. कोष आडवा-उभा सहज पसरला आणि वाळल्यावर मऊ राहिला तर झालं. डिंक उरलेलं रेशीम वाळल्यावर कडक होतं, आणि तेच पेळूत पांढऱ्या गाठी देतं. ताई, तुमच्या साबुदाण्यांत निम्मे तरी हे असतील. दोन गाठी काढून गरम साबणाच्या पाण्यात दहा मिनिटं टाकून बघा. सुटल्या तर तो डिंक होता, नाही सुटल्या तर पिंजण्याची गाठ.

पाण्याबद्दल. आपल्या बोअरचं पाणी जड. साबण त्यात फाटतो आणि चुन्याचा पांढरा थर रेशमावर बसतो, मग ते खरखरीत आणि निस्तेज दिसतं. आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरा. शेवटच्या धुण्यात ४ लिटरला एक मोठा चमचा पांढरा व्हिनेगर घातला तर थोडा फरक पडतो.

आणि हा सोडा फक्त रेशमाला, तोही एवढाच. लोकर त्यात बुडवू नका. सोड्याच्या गरम पाण्यात लोकर पिवळी पडते, कमजोर होते. बाजारातली एन्झाइमवाली पावडर तर दोन्हीला नको. प्रथिनं खाणारी एन्झाइमं असतात ती, आणि लोकर-रेशीम दोन्ही प्रथिनंच. जावळीला रिठ्याचं पाणी ४५ अंशांवर, न चोळता, अर्धा तास बुडवून ठेवलेलं पुरतं.

येवला-पैठणच्या मागावरची रेशमाची कतरण कोणी आणून देईल तर ती वेगळी ठेवा. तो पिळलेला धागा असतो, पिंजून उलगडत नाही. ३-४ सेंटिमीटरचे तुकडे करून शेवटच्या फेरीत भुरभुरले तर सुतात रंगीत ठिपके छान दिसतात, एवढाच उपयोग. आधी पांढऱ्या ओल्या फडक्यावर रगडून रंग सुटतो का बघा.

---

घोंगडं, धारूर

मी जरा वेगळं बोलतो, राग धरू नका. हे मिश्रण शालीसाठीच चुकलंय.

टोचणं सरासरीवर ठरत नाही. ३० मायक्रॉनपेक्षा जाड तंतूंची टोकं कातडीला टोचतात, आणि मिश्रणात असे तंतू ५ टक्क्यांच्या वर गेले की कातडी तक्रार करते. दख्खनी लोकर मुळातच राठ, सरासरी ४० मायक्रॉनच्या वर, त्यात पोकळ गाभ्याचे जाड केसही. जावळ मोठ्या मेंढीपेक्षा नरम, टोकं न कातरलेली म्हणून अणकुचीदार नसून निमुळती, हे खरं. पण ७० टक्के जावळ घालून त्यात अंगोरा ओतला तर टोचणारी टोकं तेवढीच राहतात, वर फक्त एक मऊ फर येतं जे दहा धुण्यांत झडून जातं. महागाचा अंगोरा राठ लोकरीत जिरवणं म्हणजे हरभऱ्याच्या डाळीत केशर.

मानेला लागणारी शाल पाहिजे तर मूळ लोकर बदला. टोचणं कमी करायला बिकानेर भागातल्या चोकला मेंढीची लोकर, सरासरी २८ मायक्रॉनच्या आसपास; अजिबात टोचायला नको असेल तर मेरिनो मेंढीची, २० च्या जवळ. त्यात रेशीम २०, अंगोरा २० टक्के घातला तरी चालतो. जावळ ठेवायचीच असेल तर ती रेशमाबरोबर ८०:२० करा. वरून पांघरायचं घोंगडीवजा उपरणं, पिशवी, आसन, खोगिरावरचं कापड, यात ती उत्तम बसते. काळी जावळ आणि पांढरं रेशीम मिळून जो करडा मेळ येतो तो रंगवून येत नाही.

आखूड जाड केस कमी करायचे असतील तर कार्डर नको, फणी पाहिजे. दोन ओळींची दाताळी फणी टेबलाला आवळून बसवा, बटा मुळाकडून अडकवा, दुसऱ्या फणीने टोकाकडून मुळाकडे हळूहळू सरका. लांब तंतू हातातल्या फणीवर येतो, आखूड तुटके केस, कुसळ, चुरा टेबलावरच्या फणीत उरतो. पहिल्या उतरणीत २५-३० टक्के वजन गेलं तरी घाबरू नका, ते आसनात भरायला उपयोगी पडतं.

पण फणीवर मिश्रण करताना एक खोड कायम लक्षात ठेवा. भोकाच्या चकतीतून पट्टा ओढताना सगळ्यांत लांब तंतू आधी बाहेर पडतो. म्हणजे पट्ट्याच्या सुरुवातीला रेशीम, शेवटी अंगोरा. दिसायला एकजीव, कातला की शालीच्या एका टोकाला चमक आणि दुसऱ्या टोकाला फर. त्यावर उपाय म्हणजे पहिला पट्टा चार-पाच तुकड्यांत तोडा, तुकडे एकमेकांवर रचून पुन्हा फणीवर चढवा, पुन्हा ओढा. असं तीनदा.

जास्त माल असेल, अर्धा किलोच्या वर, तर हँड कार्डरवर जीव काढू नका. स्वच्छ चादर पसरा. जावळीचा पातळ थर, त्यावर रेशमाचा, पुन्हा जावळ, असे दहा-बारा थर रचा. मग वरून न उचलता बाजूने, कडबा ओढतात तसं, उभा काप ओढून घ्या. प्रत्येक मुठीत सगळे थर येतात. हा काप मग पिंजाऱ्याच्या कमानीवर किंवा ड्रम कार्डरवर (फिरत्या दातेरी रुळांच्या यंत्रावर) टाका. कमानीवर राठ लोकर आणि कापलेलं रेशीम चांगलं मिसळतं, पण अंगोरा अजिबात नको. अर्धा घरात उडेल, अर्धा नाकात जाईल.

---

नवशिका, परभणी

दोन शंका. १) हँड कार्डर इथं मिळत नाहीत. कुत्र्याचे केस विंचरायचा स्लिकर ब्रश चालतो का? २) उस्मानाबादी शेळीचे केस भरपूर आहेत आमच्याकडं, ते मिसळले तर?

---

पेळू, लातूर

ब्रश चालतो. दोन एकसारखे घ्या, ज्यांच्या तारा वाकड्या आणि टोकाला प्लॅस्टिकचे मणी नसलेल्या असतील असे. मणी असले की तंतू तिथेच अडकतात. एका वेळी २ ग्रॅमच्या वर बसत नाही, म्हणून मोठ्या कामाला कंटाळा येईल, पण नमुन्यासाठी एकदम पुरेसं. मनगटानं दाबू नका, हलकंच फिरवा.

शेळीचे केस: उस्मानाबादी मांस-दुधाची जात, केस सरळ, गुळगुळीत आणि जाड. आतली पश्म म्हणजे मऊ लव आपल्या उष्ण हवेत जवळपास सुटतच नाही. मिश्रणात १० टक्के घातलं तरी ते सुतातून बाहेर डोकावतात. दोरखंड, आसन, पायपुसणं अशा कामाला १५ टक्क्यांपर्यंत घाला, ताठपणा येतो. शालीत एक केसही नको.

---

तेलपाणी, नांदेड

उडण्याची तक्रार राहिली. ती हवेची आहे. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे दुपारी हवा इतकी कोरडी असते की कार्डर घासले की वीज तयार होते आणि बारीक तंतू एकमेकांपासून पळतात. सर्वांत सोपा उपाय म्हणजे कूलरच्या खोलीत बसा, पण झोताच्या समोर नको. कूलर ओलावा देतो, झोत अंगोरा नेतो. नाहीतर पहाटे पाच ते आठमध्ये काम उरका. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसू नका, नायलॉनची साडी नको, सुती घाला. ऐकायला किरकोळ वाटतं, फरक बघा.

पिंजायच्या आदल्या रात्री पिंजण्याचं तेल शिंपडा. १०० ग्रॅम लोकरीला ३ ग्रॅम तेल, ३० मिली कोमट पाणी, दोन थेंब साबण, बाटलीत जोरात हलवून दुधासारखं पांढरं झालं की फवारा. पिशवीत बंद करून रात्रभर मुरू द्या. सकाळी हाताला ओली न लागता नुसती थंड वाटली पाहिजे. ओली लागली तर वाळवा, ओली लोकर कार्डरवर दोरखंडासारखी वळते.

तेल कोणतं हे महत्त्वाचं, कारण आपल्याकडे घराघरात करडई आणि जवस. दोन्ही नकोत. ती हवा लागली की घट्ट होणारी तेलं आहेत, तंतूवर चिकट पिवळा थर धरतो जो साबणानं निघत नाही. जवसाचं तेल लागलेल्या लोकरीचा किंवा चिंध्यांचा ढीग बंद जागी ठेवला तर आतून तापून पेट घेऊ शकतो, हे विशेष लक्षात ठेवा. खोबरेल ठीक, पण २४ अंशांच्या खाली गोठतं, आपल्या डिसेंबरात बाटलीत दगड होईल. फवाऱ्याआधी बाटली कोमट पाण्यात ठेवा. शेंगदाणा तेल चालतं, मात्र दोन-तीन आठवड्यांत कातून धुऊन टाका, नाहीतर खवट वास बसतो. एरंडेल घट्ट, पसरत नाही.

रेशमाला तेल नको, नुसता पाण्याचा हलका फवारा. अंगोऱ्याला तेलही नको आणि पाणीही नको, तेलकट जावळीच्या दोन थरांत तो गप बसतो.

---

टकळीवाली, अंबाजोगाई

सगळ्यांचे आभार. घोंगडंदादा, डाळीतलं केशर पटलं. अंगोरा बाजूला ठेवला, तो चोकला आली की तिच्यात. जावळ-रेशीम ८०:२० चा २० ग्रॅमचा नमुना केला. जावळ १६, रेशीम ४, रेशीम ५ सेंटिमीटरवर कापलेलं. जुन्या पेळूतल्या गाठी गरम साबणाच्या पाण्यात टाकल्या तर बऱ्याच सुटल्या, म्हणजे डिंक होता. सगळं रेशीम दुसऱ्यांदा उकळलं. आता गाठी नावापुरत्या.

दोन गोष्टी उरल्या. प्रत्येक पेळूच्या सुरुवातीला चमकदार पट्टा येतो, शेवटाला नुसती काळी जावळ. आणि पेटी चरख्यावर सूत तारेसारखं कडक होतं, टकळीवर नाही होत. धुण्यात वेटोळे पुन्हा येतील का हीही भीती आहे.

---

पेळू, लातूर

पट्टा कार्डरवरच्या मांडणीचा आहे. पेळूचं एक टोक म्हणजे कार्डरची डावी कड आणि दुसरं टोक म्हणजे उजवी. रेशीम मधे किंवा डावीकडे ठेवलं की तेवढ्याच भागात ते राहतं, कारण कार्डर तंतू वर-खाली हलवतो, आडवे नाही. रेशमाची चिमूट तीन-चार ठिकाणी, कडेपासून कडेपर्यंत पसरा. पहिली फेरी झाली की पट्टा कार्डरवरून उचला, पाव फेरा आडवा फिरवा आणि पुन्हा चढवा. पुढच्या फेरीत तंतू दुसऱ्या बाजूने विखुरतात. पेळूसाठी एवढं पुरेसं आहे, इथं तंतू समांतर नसले तरी बिघडत नाही. फणीच्या कामात असं करू नका.

पेटी चरखा कापसाच्या सुतासाठी बनलाय, चाकाच्या एका फेऱ्याला चाती (पीळ देणारी सळई) फार फिरते. लोकरीला तो जास्तीचा पीळ देतो. त्यावरच कातायचं असेल तर चाक अर्ध्या वेगानं फिरवा आणि हात लांब ओढा, हातभर ओढल्याशिवाय गुंडाळू नका. कातलेला पदर सैल सोडून मधे लोंबू द्या. तो स्वतःभोवती पाच-सहा वेळा वळून थांबला तर ठीक, गुंडाळत गुंडाळत गाठीत गेला तर पीळ जास्त. मला विचाराल तर हे सूत टकळीवरच काता, ३० ग्रॅमची टकळी याला अगदी जोगी आहे.

---

कोष आणि कात्री, जालना

वेटोळ्यांचं कारण लोकर आटते आणि रेशीम आटत नाही हे आहे. जावळ आकसली की रेशमाला जागा उरत नाही, ते वाकून वर येतं. रेशीम २० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका आणि लोकरीला आटवू नका. सुताची लडी करा, चार ठिकाणी आठाच्या आकारात सैल बांधा, ४० अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून न हलवता ठेवा. धुण्याचं आणि खळबळण्याचं पाणी एकाच तापमानाचं हवं. गरमातून एकदम माठाच्या पाण्यात टाकलं की जावळ गच्च होते. बाहेर काढून टॉवेलमध्ये दाबा, पिळू नका, सावलीत टांगा.

वजन लटकवून वाळवण्याचा मोह होईल, लडी सरळ दिसते म्हणून. नको. ताणात वाळलेलं सूत विणल्यावर पहिल्या धुण्यात आखडतं आणि वेटोळे तेव्हा निघतात, शाल झाल्यावर.

नमुन्याच्या २० ग्रॅममधून १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा विणा, चारही कडांना दोरा टाचून माप लिहा, दोनदा धुवा, पुन्हा मोजा. एका बाजूला अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर मला फोटो टाका, पीळ बघून सांगते.

---

घोंगडं, धारूर

अंगोरा बाजूला ठेवलाय म्हणता, तो कसा ठेवलाय? कसर (लोकर खाणारी कीड) आधी त्याच्यावर जाते. हवाबंद पिशवीत घालून फ्रीजरमध्ये उणे १८ वर तीन दिवस ठेवा, बाहेर काढून पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत पाणी धरतं. मग एक दिवसाने पुन्हा तीन दिवस. धुतलेली जावळही तशीच, पण पुढच्या वेळी कच्ची लोकर आणताना मेलेल्या मेंढीवरची उपटलेली घेऊ नका, कितीही मऊ असली तरी. फाशी रोगाचे (अँथ्रॅक्सचे) जंतू लोकरीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. कच्ची लोकर झटकताना तोंडाला फडकं बांधा.

चोकला आल्यावर तिचीही बट पट्टीवर मोजून लांबी इथं टाका, त्यावर अंगोरा किती घालायचा ते ठरवू.